माझ्या पाठीवरचा पांढरा दगड

मी एक जुना वासा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावर, समुद्राच्या काठी, गवतात पडलो आहे. माझ्या पाठीवर एक पांढरा दगड आहे. मित्रांनो, माझी गोष्ट त्या दगडाचीच आहे. मला तोंड असते, तर ती तुम्हाला सांगायची वेळच आली नसती.

आधी मी एका जहाजाची डोलकाठी होतो. जहाज वादळात फुटले आणि मी वाहत वाहत या बेटाला लागलो. या बेटावर झाड नाही. वारा झाडाला उभे राहू देत नाही. घराच्या भिंती दगडमातीच्या होतात, पण छपराला लाकूड मिळते ते समुद्र देईल तेव्हाच. म्हणून इथे एक रीत आहे. वाहून आलेले लाकूड भरतीच्या रेषेच्या वर ओढायचे आणि त्यावर दगड ठेवायचा. मग ते दगड ठेवणाऱ्याचे. वर्षभर पडून राहिले तरी दुसरा कोणी त्याला बोट लावत नाही.

माझ्यावर पहिला दगड लाखलनने ठेवला. त्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि बायको सोर्चा भावाच्या घरात एका कोपऱ्यात दिवस काढत होती. लाखलन माणसे जमवायला गेला तो तीन दिवसांनी आला. तोवर कितीतरी जण माझ्याजवळून गेले. एक म्हातारा थांबला, मला डोळे भरून पाहिले आणि उसासा टाकून चालता झाला. त्याच्या घराचे छप्पर वाकले होते, हे मला पुढे कळले. तरी दगड जागचा हलला नाही.

मग मी लाखलनच्या घराच्या आढ्यावर चढलो. घराच्या मधोमध सोर्चाचा जाळ असे. माळावरची काळी माती कापून वाळवायची, तेच जळण. त्या धुराने मी काळा कुळकुळीत झालो. कोंबड्या माझ्यावर बसून झोपत. बायका नवे लोकरी कापड घट्ट व्हावे म्हणून फळीवर आपटत तालात गाणी म्हणत, तेव्हा माझेही अंग थरथरे.

लाखलनचा बाप टॉरक्विल आल्यागेल्याला मला दाखवी. "राजाच्या घराला असला वासा नसेल. समुद्रानं पाठवलाय, घरपोच!"

"घरपोच कसला, मामंजी!" सोर्चा म्हणे. "तुमच्या लेकाची पाठ महिनाभर शेकत होते मी."

अशी बावीस वर्षे गेली. एका हिवाळ्यात लाखलन मासे धरायला गेला, तो परत आला नाही. पुढे जमीनमालकाला माणसांच्या जागी मेंढ्या हव्याशा वाटू लागल्या. त्याच्या कारभाऱ्याने गाव खाली करायचा हुकूम काढला. सोर्चाला डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावर एक खडकाळ तुकडा मिळणार होता, पण हिवाळ्याआधी तिथे छपराचे घर उभे दिसायला हवे होते. नाही तर सासऱ्याला घेऊन जहाजात बसायचे आणि समुद्रापार जायचे. दगडांना तोटा नव्हता. लाकूड मात्र तिच्याजवळ एकच, मी.

आणि कारभाऱ्याची माणसे तर घरोघरचे वासेच जाळत सुटली होती, पुन्हा कोणी घर बांधू नये म्हणून.

ती माणसे येण्याआधी सोर्चाने आणि शेजाऱ्यांनी मला उतरवून किनाऱ्यावर नेले. होडीला बांधून पलीकडे न्यायचे ठरले होते. होडी यायच्या आत कारभारी आला. टॉरक्विलने घाईघाईने माझ्यावर दगड ठेवला.

"पेटवा," कारभारी घोड्यावरूनच म्हणाला.

मशाल फिनलेच्या हातात होती. तो याच बेटाचा, पलीकडच्या किनाऱ्याचा. पोटासाठी कारभाऱ्याकडे राहिला होता. तो म्हणाला, "दगड आहे, साहेब."

"दिसतोय मला. काढ."

"माझ्यानं नाही निघणार."

"का? जड आहे?"

"हलका आहे, साहेब. पण माझा नाही."

"भ्याला मेला कारभाऱ्याचा कुत्रा," सोर्चा पुटपुटली.

कारभारी लाल झाला. "आजपासून तुझी चाकरी संपली, अन् घरही!" असे ओरडून तो स्वतः मशाल घ्यायला खाली उतरला. तेवढ्यात सोर्चाने माझ्यावरचा दगड बाजूला भिरकावला आणि टॉरक्विलच्या मदतीने मला ओहोटीच्या पाण्यात लोटले.

"जा!" ती म्हणाली. "हे पाणी पलीकडंच नेतं. मी येतेच मागून."

मी गेलो. दोन दिवसांनी पलीकडच्या किनाऱ्याला लागलो. मला सगळ्यात आधी पाहिले फिनलेने. पाठीवर गाठोडे घेऊन तो जहाजाकडे निघाला होता. त्याने गाठोडे टाकले, मला धापा टाकत वर ओढले आणि एक पांढरा दगड शोधून माझ्यावर ठेवला.

"वहिनी, तुमचा वासा सांभाळून ठेवलाय बरं," तो एकटाच बोलला. "निरोप तरी कुणापाशी ठेवू? सगळेच चाललेत." जहाजावरून हाका येत होत्या. तो पळत गेला.

दुसऱ्या दिवशी सोर्चा डोंगर उतरून आली, पाठीवर म्हाताऱ्याला घेऊन. मला लांबूनच ओळखून ती धावली आणि चार पावलांवर थबकली.

"काय गं?" टॉरक्विलने विचारले.

"मामंजी, दगड."

म्हातारा खाली उतरला. माझ्या काळ्या अंगावर त्याने हात फिरवला. "आपलाच आहे."

"होता. आता ज्याचा दगड, त्याचा."

"मग बस. मालक येईल. पाया पडून मागू."

मित्रांनो, त्या वेळी मी फुटून ओरडलो असतो! अगं, तुझाच आहे हा दगड, तुझ्यासाठीच ठेवलाय! पण लाकडाला कुठले तोंड?

तिने घरोघर विचारले. निम्म्या घरांत चूल विझलेली होती, फिनलेच्याही. उरलेल्यांनी ठाऊक नाही म्हणून माना हलवल्या. ती रोज येई आणि त्या दगडाकडे बघत बसे. आजूबाजूला कोणी नसे. एकदा तिने हात पुढे केला, तेव्हा म्हातारा हळूच म्हणाला, "त्याच्या छपराखाली झोप लागेल का, पोरी?" तिने हात मागे घेतला.

बर्फ पडायला लागले. छपराचे घर उभे नव्हते, म्हणून शिपाई आले आणि दोघांना जहाजाकडे घेऊन निघाले. जाताना सोर्चा माझ्यापाशी आली. वाऱ्याने दगड कलला होता. तिने तो दोन्ही हातांनी नीट बसवला, कोणाचे तरी घर होईल म्हणून.

त्याला किती वर्षे झाली, मला मोजता येत नाही. आता मला कीड लागली आहे. मित्रांनो, कोणासाठी काही जपून ठेवाल, तर त्याला तसे सांगा. वाटेत भेटेल त्याच्यापाशी सांगा, ओरडून सांगा. आणि समुद्रापार तिची लेकरेबाळे कोणाला भेटली, तर एवढे कळवा, की दगड उचला. तो तुमचाच आहे.