बेटावरचा वारा

मधलं दार सुलभानं खांद्यानं रेटून लावलं, आणि हातातला कॉफीचा ट्रे सावरेपर्यंत ते पुन्हा वीतभर उघडलं. मल्लेश्वरमच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत सगळं ठाकठीक होतं, एवढं दार सोडून. एकसष्ट सालच्या पावसात फुगलेलं लाकूड दसरा उलटला तरी ताळ्यावर यायला तयार नव्हतं. दाराआड खाटेवर तिचे वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. उशाशी सकाळची पेज झाकून ठेवली होती, ती तशीच होती.

बाहेर सतरंजीवर वाचकमंडळ बसलं होतं. मंडळ म्हणजे काय, तर परमुलखात मराठी ऐकायला आसुसलेली चार माणसं. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, एक गोष्ट मोठ्यानं वाचायची, मग एकेकानं मत सांगायचं, आणि ज्याचं घर त्याचं मत शेवटी. मोठ्यानं वाचायचं ते तानूबाईंसाठी. त्यांच्या घराण्याला बंगळुरात येऊन कैक पिढ्या झाल्या होत्या. घरात मराठी बोलत, पण ओळखीची अक्षरं कानडी. मराठी पुस्तक हाती दिलं तर त्या उलटसुलट करून, कौतुकानं हात फिरवून परत देत. त्यांच्यामुळे पडलेली वाचनाची रीत आता सगळ्यांच्याच अंगवळणी पडली होती.

सुधींद्ररावांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि सुलभानं वळून मधल्या दाराकडे पाहिलं.

बेटावरच्या गोष्टींचं ते जुनं पुस्तक होतं. लेखक जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा नाही असं कधी होत नसे. ते बेट सुलभाचं माहेर. लेखक एके काळी तिथं हवापालटासाठी राहून गेले होते, आणि ज्या गोष्टीनं त्यांचं नाव झालं, तिच्यातला होडीवाला आत खाटेवर पडला होता. मंडळात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द त्यालाही नाही. त्याला वाचता येत नव्हतं आणि लेकीनं कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात बेटावरून निरोप आला होता, शेजारची सावित्री गेली म्हणून. गोष्टीतलं पोर या सावित्रीचंच. निरोप ऐकला त्या दुपारी वडिलांनी ताट सारलं, ते सारलंच. घोटभर पाण्यापलीकडे पोटात काही नाही. डॉक्टर म्हणाले, दोष कसलाच नाही, माणसाची इच्छाच उरलेली नाही, अशानं ते फार दिवस काढायचे नाहीत. आणि नेमकी आज ही गोष्ट या घरात मोठ्यानं वाचली जाणार होती. ती कानावर पडली तर ते उद्याचा दिवसही बघणार नाहीत, याची सुलभाला खात्रीच होती.

"दुसरी वाचा ना," ती म्हणाली. "यात ती लग्नाची आहे बघा. ही फार रडकी."

"रडकी असली तरी नावाजलेली आहे," सुधींद्रराव चष्मा पुसत म्हणाले. पोस्टातून निवृत्त झाले होते, पण हातात घेतलेली गोष्ट पोचवल्याशिवाय त्यांना अजूनही चैन पडत नसे.

"मग अंगणात बसू या. बाबांचा आत्ताच डोळा लागलाय."

"ह्या उन्हात कशाला गं?" तानूबाई म्हणाल्या. "स्वल्प हळू वाचतील की ते."

सुलभाला काही सुचेना. कॉफी देता देता तिनं हात हलू दिला, आणि अख्खा पेला उघड्या पुस्तकावर गेला. शेजारी बसलेली हेमलता लगबगीनं पदरानं पानं टिपू लागली.

"असू दे, असू दे," सुधींद्रराव म्हणाले. "ही मला तोंडपाठ आहे."

आगीतून निघून फुफाट्यात. पुस्तक हाती असताना ते निदान बेताच्या आवाजात वाचत. आता त्यांनी डोळे मिटले आणि कीर्तनकारासारखा खडा आवाज लावला.

गोष्ट साधीच होती. सांजवेळ, खाडीचा काठ, आणि तापानं फणफणलेलं पोर छातीशी धरून उभी असलेली एक बाई. डॉक्टर पलीकडच्या तीरावर. मध्ये पिसाळलेला वारा. होडीवाला म्हणतो, सकाळी नेतो. उजाडायच्या आत पोर जातं. सुधींद्ररावांनी वारा असा काही उभा केला की हेमलतेनं पदर घट्ट ओढून घेतला. आत एकदा खाट करकरली, मग काहीच ऐकू आलं नाही.

"बिचाऱ्या होडीवाल्यानं तरी काय करावं?" हेमलता म्हणाली. "असल्या वाऱ्यात होडी सोडली असती तर तिघंही बुडाली असती."

सुलभानं मान हलवली. ती स्वतः इतकी वर्षं त्या वाऱ्यावरच जगत आली होती. शाळेत असताना ही गोष्ट पहिल्यांदा वाचली, सावित्रीचं पोर आणि बाबांची होडी ओळखली, तेव्हा आधी ती ढसाढसा रडली होती आणि मग वाऱ्याचा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत बसली होती. वारा होता, बाबांचा इलाज नव्हता.

"मला ते वारा-बिरा कळत नाही," तानूबाई म्हणाल्या. "पोर तापलंय, आई पाया पडायलीय, आणि हा सकाळी म्हणतोय. निघाला असता, अर्ध्यातनं परतला असता, तर मी सरी, ठीक आहे म्हटलं असतं. हा उठलाच नाही. लेकराचा जीव त्याच्या माथी."

"असं बोलू नका हो," सुलभा म्हणाली. तिचा आवाज असा फाटला की सगळे तिच्याकडे बघू लागले.

मधलं दार उघडलं. चौकट धरून वडील उभे होते.

"बाबा, आत चला. पडाल."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते तानूबाईंकडे बघत होते.

"काय बोललंस ता परत सांग, बाय."

"कशाबद्दल, अण्णा?"

"त्या होडीवाल्याबद्दल."

तानूबाई गोंधळल्या, पण शब्द फिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "चूक त्याची, असं म्हटलं मी."

वडील हळूहळू उंबऱ्यावर टेकले.

"वारो नव्हतो," ते म्हणाले. "लिवणारो माणूस बरो. आमच्याच पडवीत रवलो होतो. वारो त्यानी मागाहून घातलो. त्या सांजेक झाडाचा पान हलत नव्हता. मी जेवान आडो पडललंय. माका कंटाळो इलो."

हेमलतेचा हात तोंडाशी गेला. सुधींद्रराव ओल्या पुस्तकाकडे बघत राहिले.

"सावित्री मागीर जन्मभर माझ्याच होडीतसून बाजाराक गेली. एक शब्द बोलाक नाय. गाव बोलाक नाय. आता तीय गेली." मग त्यांनी लेकीकडे मान वळवली. "तू कधी वाचलंस ही?"

"शाळेत."

"आणि बोललंस नाय."

ते रागावले असते तर तिला सोसलं असतं. पण त्या आवाजात राग नव्हता. इतकी वर्षं हा माणूस एकटाच होता आणि आपणही त्याला एकटंच ठेवलं, एवढं तिला कळलं.

"तुझा मत रवला," ते म्हणाले. "ज्याचा घर, त्याचा शेवटी ना?"

म्हणजे मंडळाची ही रीतही दाराआडून त्यांच्या कानावर पडली होती. सुलभाच्या जिभेवर हजार गोष्टी तयार होत्या. डॉक्टर तरी भेटला असता कशावरून. पोराचं आयुष्यच तेवढं असेल. तिनं त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. त्यावर नुसती कातडी राहिली होती, आणि ते वाट बघत होते.

"होडी सोडूक व्हयी होती, बाबा," ती म्हणाली. "चूक तुमचीच."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा वाकडा झाला, मग सावकाश निवला.

"पेज आसा ना?" ते थोड्या वेळानं म्हणाले. "घेवन ये. गार आसली तरी चलात."

सुलभानं भांडं आणून त्यांच्या हातात दिलं आणि तिथंच खाली बसली. दोन्ही हातांनी धरून त्यांनी एक घोट घेतला. किंचित तोंड वाकडं केलं.

"मीठ नाय गो ह्येच्यात."

सुलभाला उठता येईना. तानूबाई उठल्या, परक्या स्वयंपाकघरात शोधाशोध करून मिठाची बरणी घेऊन आल्या, आणि चिमूटभर मीठ त्यांनी आपल्या हातानं त्या पेजेत घातलं.