डावा कोपरा

मोहियुद्दीनने धोंडीरामच्या पिशवीतून बाटली काढली, बूच उघडून वास घेतला आणि ती त्याच्यापुढे धरली.

“लाव. घोटा बघ कसा झालाय.”

धोंडीरामने बाटली घेतली. तळाशी थोडं तेल उरलं होतं, दाट, हिरवट. त्याने बूच पुन्हा बसवलं आणि बाटली टॉवेलाच्या घडीत ठेवून दिली.

“पट्टी बांधतो. पुरे.”

“मग तेल कशाला ठेवलंस मेल्या? लोणच्यात घालायला?”

पट्टीचं टोक दातात धरून धोंडीरामने गाठ मारली. आपण नको ते बोलून गेलो हे मोहियुद्दीनच्या लक्षात आलं आणि तो उगाचच बनियन झटकायला लागला.

उंडीचं तेल होतं ते, मुरगळल्या-सुजल्यावर चोळायचं. गावाहून कुणी परत येणारा असला की त्याची बायको सुधा त्याच्याबरोबर बाटली पाठवायची. गेल्या गणपतीत ही आली आणि नंतर पाठवणारी राहिली नाही. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं संपलं. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे इथल्या मालकाकडे, आणि कफील जेद्दाला. कागदावर सही होऊन धोंडीराम देवरुखला पोचला तेव्हा दिवसकार्यसुद्धा उरकलं होतं. घरात भिंतीला टेकून बसण्यापलीकडे त्याला काही काम नव्हतं. रजा संपल्यावर तो रियाधला परत आला आणि पाइपांच्या कामावर रुजू झाला.

कॅम्पच्या मागे, सळ्या ठेवायच्या आवारापलीकडे, पोरांनी दगड वेचून मैदान केलं होतं. शुक्रवारी उन्हं कलली की चुन्याच्या रेषा मारायच्या आणि कबड्डी खेळायची. आज समोर दुसऱ्या कॅम्पमधली सांगलीकडची पोरं होती. जिंकणारा संघ ईदच्या सुट्टीत जेद्दाला जाणार होता. तिथे मोठं मैदान, दिवे, माणसं.

कमलाकर रेषेवरून चालत आला. संघाचा कॅप्टन तोच आणि चढाईला जाणाराही तोच. साइटवर तो परांचीवाल्यांचा फोरमन होता. त्यामुळे इथेही त्याचा आवाज तसाच लागायचा.

“धोंडीभाऊ, सरळ बोलतो, राग मानू नका. आज जिंकलो तर जेद्दाला तुम्हीच. हरलो तर मात्र पुढच्या शुक्रवारपासून वैभवला उभा करणार. पोराचे पाय ताजे आहेत.”

“बरं.”

“तुम्ही पण आता किती दिवस करणार?”

“बरं म्हटलं ना.”

वैभव जरा लांब उभा होता. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

धोंडीराम डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. खाली वाकून त्याने तळव्यांना माती चोळली आणि उजवा हात पुढे केला. मोहियुद्दीनने तो धरला. चिपळूणचा मोहियुद्दीन त्याच्या शेजारी उभा राहायला लागला त्याला बरीच वर्षं झाली होती. दोघांची बोलायची गरज संपली होती. बोटं एकदा दाबली की थांब. दोनदा दाबली की मी निघालो. निघायच्या त्या क्षणी हात सुटलाच पाहिजे, नाहीतर कोपऱ्यातल्या माणसाला समोरच्याच्या घोट्यापर्यंत पोचता येत नाही. हे दोघांनाही झोपेतसुद्धा ठाऊक होतं.

खेळ सुरू झाला. सांगलीवाल्यांचा चढाईचा गडी रूपेश नावाचा एक उंच पोरगा होता. तो मध्यरेषा ओलांडून यायचा आणि डावीकडे वळल्यासारखं करून उजवीकडे जायचा. पहिल्या दोन वेळा त्याने गुण नेले. तिसऱ्या वेळी तो डावीकडे आला तो खराच आला. धोंडीरामने दोनदा बोटं दाबली, हात सोडला आणि जमिनीलगत जाऊन त्याचा घोटा दोन्ही हातांत धरला. रूपेशने झटका दिला तेवढ्यात मोहियुद्दीन त्याच्या मांडीवर पडला. मग कमलाकर वरून येऊन पडला आणि सगळे त्याच्या अंगावर.

“कमलाकर! कमलाकर!” बाहेरून ओरडा झाला.

ढिगाऱ्याच्या तळातून धोंडीराम शेवटी उठला. तोंडातली माती थुंकून जागेवर गेला आणि त्याने हात पुढे केला. दुसऱ्या बाजूच्या चढाईला अजून वेळ होता. बाकीचे घाम पुसत होते, कुणी पाणी मागत होतं. मोहियुद्दीनने त्या पुढे केलेल्या हाताकडे बघितलं आणि तो धरला.

मध्यंतराला विनय आला. विनय सेफ्टी ऑफिसमध्ये क्लार्क होता. त्याच्याबरोबर त्याचा साहेब होता, वॉल्टर नावाचा अमेरिकन. काळा, उंच, केस पिकलेले, एका पायाने लंगडणारा. साइटवर हेल्मेट नसलेल्याला तो नुसता हात वर करून थांबवायचा, ओरडायचा नाही. शुक्रवारी त्यांच्या वसाहतीत करण्यासारखं काही नसतं म्हणून आज विनयबरोबर गाडीत बसून आला होता.

“धोंडूकाका, साहेब विचारतात, तुम्ही कुठपर्यंत खेळलात?”

“मी? त्यांना कमलाकरकडे ने.”

“नाही, तुमच्याबद्दलच विचारतात. म्हणतात, बाकीचे पळणाऱ्याकडे बघतात, मी कोपऱ्यातल्याकडे बघत होतो.”

धोंडीरामने पाण्याचा घोट घेतला. असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“सांग, गावाकडून खेळलो. मग तालुका. मग जिल्ह्याकडून सहा-सात वर्षं. राज्याच्या शिबिराला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा राखीव.”

विनयने सांगितलं. साहेबाने मान हलवली.

“राखीव म्हणजे मैदानात गेलोच नाही,” धोंडीराम म्हणाला. “नवा बनियन मिळाला होता. तसाच घडी करून परत आणला. आमच्यातले चढाईवाले बँकेत लागले, पोलिसात लागले. कोपऱ्यातल्याला कोण घेतो? मग इकडे आलो.”

हे ऐकून वॉल्टर खाली जमिनीवर बसला. लंगडा पाय त्याला हाताने उचलून पुढे ठेवावा लागला. मग तो हळूहळू बोलत गेला आणि विनय मागून मराठीत सांगत गेला.

त्यांच्या फुटबॉलात चेंडू हातात घेऊन पळतात. वॉल्टरही कडेलाच उभा राहायचा. चेंडू झेलायला जो धावतो त्याला चिकटून धावायचं, एवढंच त्याचं काम. तो इतका चिकटून असला पाहिजे की तिकडे चेंडू फेकायचं कुणाच्या मनातच येऊ नये. कॉलेज लहान होतं. मोठ्या क्लबांनी खेळाडू निवडले तेव्हा त्याचं नाव आलं नाही. तो स्वतःच्या खर्चाने गावोगाव चाचण्यांना गेला. दोन क्लबांनी ठेवून घेतलं, पण सरावापुरतं. पुढच्या आठवड्यात जो समोर येणार असेल त्याची नक्कल करायची आणि रविवारी सामन्याला साध्या कपड्यांत कडेला उभं राहायचं. मग एक हिवाळा कॅनडात खेळला. तिथे गुडघा गेला.

“साहेब म्हणतात, माझा चांगला दिवस म्हणजे ज्या दिवशी माझं नाव कुणी घेतलं नाही. नाव घेतलं म्हणजे मी चुकलो.”

धोंडीरामला हसू आलं. फार दिवसांनी आलं. त्याचं त्यालाच ते चेहऱ्यावर अवघडल्यासारखं वाटलं.

“घरी कुणी बघायचं का, विचार त्यांना.”

“आई बघायची म्हणतात. तुमच्याकडे?”

धोंडीरामने पाण्याची बाटली खाली ठेवली. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याचा फोटो एकदा पेपरात आला होता. फोटोत हवेत उडालेला चढाईचा गडी होता, त्याचं उघडं तोंड होतं, मागे माणसं होती. खाली कडेला, जिथे फोटो संपतो, तिथे त्याच्या घोट्याभोवती एक हात होता. बाकी धोंडीराम फोटोत नव्हता. सुधाने तो कापून भाताच्या खळीने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. कुणी डबा काढायला दार उघडलं की ती सांगायची, हा हात ह्यांचा. अंगठ्याचं नख बघा, हातोडी बसलेली.

“होतं एक माणूस,” तो म्हणाला.

विनयने हे भाषांतर केलं नाही.

दुसऱ्या डावात खेळ खेचला गेला. कमलाकर दमला, त्याच्या दोन चढाया मोकळ्या गेल्या. सांगलीवाले मागून येत येत बरोबरीला आले. पंचाने शेवटची चढाई म्हणून बोट वर केलं. चढाई रूपेशची होती.

“पकड नाही झाली तरी चालेल!” कमलाकर ओरडला. “नुसता हात लागू देऊ नका! मागे राहा!”

पण रूपेशला गुण हवाच होता. तो उजवीकडे दोन पावलं गेला, परत फिरला आणि डावीकडे खोल आला. श्वास न तोडता तो कबड्डी कबड्डी म्हणत होता आणि त्याचा आवाज बसत चालला होता. धोंडीरामला त्याचा उजवा पाय दिसत होता. त्याला हेही दिसत होतं की आता हा पाय लांबवणार आणि लांबवला की सगळं वजन मागच्या पायावर जाणार. अशा पायांवरच त्याची सगळी उमर गेली होती. त्याने बोटं दोनदा दाबली.

मोहियुद्दीनने हात सैल केला.

पाय आला. धोंडीराम निघाला आणि अर्ध्यात थांबला. त्याचा उजवा हात मागे ओढलेलाच राहिला होता. एका हाताने त्याने वाऱ्यात झडप घातली. रूपेशचा अंगठा त्याच्या गुडघ्याला चाटून गेला आणि पोरगा दोन ढांगांत मध्यरेषेपलीकडे जाऊन आडवा पडला. सांगलीवाले त्याच्या अंगावर धावले.

कमलाकर तरातरा कोपऱ्यात आला.

“काय झालं? काय झालं काय, धोंडीभाऊ? पाय समोर होता! शेंबडं पोर धरेल असा पाय!”

धोंडीराम गुडघ्यांवर होता. मोहियुद्दीन मध्ये आला.

“माझी चूक. मी हात सोडला नाही.”

“तू?”

“अडकला माझा हात. बोट अडकलं. त्याचा काय दोष नाय.”

कमलाकरने दोघांकडे बघितलं. “बोट अडकलं! इतकी वर्षं खेळताय आणि आज बोट अडकलं! मग तू बस बाहेर. धोंडीभाऊ राहू देत कोपऱ्यात, तुझ्या जागी वैभव येईल. खलास.”

“बरं तर,” मोहियुद्दीन म्हणाला. तो आपली डावी बोटं दुसऱ्या हाताने चोळत होता.

रेषेबाहेर वॉल्टर उभा होता. त्याने सगळं बघितलं होतं आणि धोंडीरामला ते कळलं.

धोंडीराम उठला. गुडघ्याची माती त्याने झाडली नाही.

“हात त्याने सोडला होता,” तो म्हणाला. “मी सोडला नाही.”

“काय?”

“मीच धरून ठेवला.”

“का पण?”

धोंडीरामने तळव्याकडे बघितलं. शेवटच्या भेटीत देवरुखच्या स्टँडवर एस.टी.च्या खिडकीतून सुधाने हात आत घातला होता. कंडक्टरने घंटी दिली तशी तीच म्हणाली, सोडा आता, गाडी निघाली. आणि त्याने सोडला. हे काही कमलाकरला सांगण्यासारखं नव्हतं.

“वैभवला कोपऱ्यात घ्या,” तो म्हणाला. “मोहिद्द्याला काढू नका. त्याच्यासारखा शेजारी पोराला मिळायचा नाही.”

कमलाकरचा आवाज उतरला. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो पोरांकडे गेला. “यल्ला, दगड उचला, सामान घ्या,” असं तो तिकडे जाऊन ओरडला, पण त्यात जोर नव्हता.

वॉल्टर लंगडत आला. त्याने धोंडीरामच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि विनयला काही सांगितलं.

“पुढच्या शुक्रवारी पण येणार म्हणतात साहेब. तुम्ही कडेला उभे राहणार असाल तर.”

“ये म्हणावं,” धोंडीराम म्हणाला. “खुर्ची आणायला सांग त्यांना. तो पाय घेऊन खाली बसू नये.”

ऊन गेलं होतं. मशिदीत मगरिबची बांग झाली तसा मोहियुद्दीन भिंतीकडे जाऊन नमाज पढून आला. धोंडीराम तोवर पिशवीपाशी बसून होता. मोहियुद्दीन येऊन शेजारी टेकला.

“खोटं कशाला बोललास?” धोंडीरामने विचारलं.

“मला संघात राहायचंच नव्हतं, दुसऱ्या कॅम्पला जायचं तर बस. बसमध्ये उलटी होते मला.”

“मेल्या, तू बोटीने आलेला माणूस.”

“तेव्हा तरणा होतो.”

मोहियुद्दीनने बोटं वळवून बघितली. मधली दोन सुजली होती आणि मनगटाजवळ अजून ठसे होते.

“जोर आहे पण तुझ्यात,” तो म्हणाला. “म्हातारा झालास कोण म्हणतो?”

“दाखव.”

“राहू दे रे, काय नाय.”

“दाखव म्हणतो ना.”

धोंडीरामने त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला. पिशवीतून टॉवेल काढला, घडी उलगडली आणि बाटलीचं बूच दाताने उघडलं. उंडीचा उग्र वास आला.

“अरे, थोडंच आहे ते,” मोहियुद्दीन म्हणाला. “संपेल.”

धोंडीरामने बाटली उलटी केली. तेल दाट झालं होतं, यायला वेळ लागत होता. बाटली तशीच धरून तो वाट बघत बसला.