खादाड माती

"बोट पुढं करा काकू, आणि बोलू नका. बोललात की आकडा खाली येतो," डॉक्टर म्हणाले.

"मग तुमच्याशी भांडायचं कधी?" म्हणत काकूंनी बोट पुढं केलं.

डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला आणि गप्प बसले. एरवी या माणसाच्या तोंडाला कुलूप नसायचं, त्यामुळे काकू काय ते समजल्या. रक्तातला प्राणवायू आणखी उतरला होता.

काचघरात पाच माणसं राहत होती, बाहेरची हवा मुळीच न घेता. बाहेर दरवर्षी धुराचे महिने वाढत चालले होते. हे घर वर्षभर आपल्याच झाडांच्या हवेवर तगलं, तर अशी घरं आजारी मुलांसाठी बांधायची होती. काकूंचा नातू त्यांतलाच. मास्क लावून झोपणारं पोर! मातीच्या शास्त्रज्ञ म्हणून काकूंचं नाव होतं खरं. पण या वयात घरदार सोडून त्या आत आल्या, त्या नातवासाठी.

आणि घात केला तो मातीनंच. खरं सांगायचं तर काकूंच्या हौसेनं. वाफे भरताना त्यांनी कंपोस्टचा हात सैल सोडला होता, लाडक्या पाहुण्याला आग्रह करकरून वाढावं तसा. गहू तरारला, सगळ्यांनी वाहवा केली. पण एवढं खायला मिळाल्यावर मातीतले जिवाणूही माजले. श्वास तेही घेतातच की! माणसांच्या वाटणीचा प्राणवायू ते फस्त करत होते. त्यांनी सोडलेला कार्बन वायू निदान झाडांना मिळून त्याचा पुन्हा प्राणवायू व्हावा, तर तो भिंतींचं काँक्रीट गिळत होतं.

"निम्मे वाफे सुकवायचे," दुपारी जेवताना काकूंनीच सांगितलं. "पाणी तोडलं की जिवाणू निपचित पडतील. तिथला गहू देतो त्याहून जास्त प्राणवायू ते खातायत."

"आणि खायचं काय?" इंजिनिअरनं विचारलं.

"काटकसर केली, तर चौघांपुरतं पिकेल."

कोणी कोणाकडे पाहिना. बाहेर जायला दुहेरी दार होतं. पण गेलेल्या माणसाला परत घेता येत नव्हतं. प्रयोगाचा नियमच तसा होता.

"मी जातो," डॉक्टर म्हणाले. "नाहीतरी लोकांची बोटं चिमट्यात धरण्यापलीकडे करतो काय मी?"

"गप्प बसा हो! उद्या कोणी चक्कर येऊन पडलं, तर मी काय त्याला कंपोस्ट लावू?" काकू म्हणाल्या.

सगळे हसले, आणि हसता हसता धापा टाकू लागले. त्या धापा ऐकून काकूंचे डोळे भरून आले.

"माझ्या हातानं झालंय हे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोणी बोल लावला नाहीत, हे तुमचं मोठेपण. पण मातीला उपाशी ठेवायचं, तर आधी मी ताटावरून उठणार. उरलेल्या वाफ्यांचं सगळं इंजिनिअरला शिकवून ठेवते."

पुढचे काही दिवस त्या इंजिनिअरच्या मागे हात धुऊन लागल्या. माती मुठीत दाबून कशी पाहायची, वास कसा घ्यायचा, सगळं. मग सुकवायच्या वाफ्यांचे नळ त्यांनी स्वतः बंद केले. एकेका वाफ्यापाशी थांबल्या. पोटच्या पोराला उपाशी झोपवावं, तसं वाटलं त्यांना.

दारापर्यंत त्यांची पिशवी डॉक्टरांनी आणून दिली.

बाहेर लेकीच्या घरी नातू गळ्यात पडला. "आजी, झालं का आपलं घर?"

"अजून नाही रे राजा. होईल."

रोज संध्याकाळी मास्क लावून काकू काचघरापाशी जात. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक फोन होता. आतून डॉक्टर हवेतल्या प्राणवायूचा आकडा सांगत. आधी आकडा उतरतच राहिला. मग तो एका जागी थांबला.

त्या दिवशी मात्र डॉक्टर आधीच फोन धरून उभे होते.

"चढला, काकू! थोडाच, पण चढला."

"अगंबाई!" काकू मास्कच्या आत रडल्या की हसल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. "म्हणजे माझ्या जाण्यानं फरक पडला म्हणायचा."

"हवेला पडला," डॉक्टर म्हणाले. "हवेला बरं वाटतंय. मला करमत नाही."

काकूंनी काचेवरची काजळी पदरानं पुसली.

"मलाही नाही करमत," त्या म्हणाल्या.

तिथं एक रिकामी बादली होती. ती पालथी घालून त्या काचेशी बसल्या. आत डॉक्टरांनीही खुर्ची ओढली. आकडा केव्हाच सांगून झाला होता. पण फोन कोणीच ठेवला नाही.