मालक काही रडेनात

मी एक प्रथिन बोलतोय. मुक्काम मालकांच्या डाव्या डोळ्याच्या वर, अश्रू बनवणाऱ्या ग्रंथीतली एक पेशी. माझं काम अश्रूंबरोबर डोळ्यात उतरायचं आणि तिथलं लोह मुठीत धरून ठेवायचं, म्हणजे जंतू उपाशी राहतात. पण त्यासाठी मालकांच्या डोळ्याला पाणी यायला हवं ना! आणि मालक पडले लेथ मशीनवर लोखंड कातणारे, मानी गृहस्थ.

जन्मलो तेव्हा मी नुसता लांब दोरा होतो. दोऱ्याला मूठ कुठली? घडी नीट बसली तरच ती होते. घड्या घालायला आमच्याकडे एक मावशी असते. तीही प्रथिनच, पण तोंडाळ.

"पाणी न सोसणारी बाजू आत घे! आत म्हणते ना मी!"

मावशीनं सोडलं की तपासनीस. घडी चुकलेली दिसली, की तो अंगाला साखरेचा कण चिकटवतो. मला वाटलं, लाड चाललेत. ऐटीत उभा राहिलो.

"हसतोस काय? साखर लागली म्हणजे परत मावशीकडे!"

तीनदा परत गेलो. तिकडे एक कात्रीवाला माझ्या अंगावरची जन्मापासूनची साखर थोडीथोडी छाटत होता. ती ठरावीक छाटली गेली की संधी संपली. मग अंगावर 'बाद'ची चिठ्ठी आणि रवानगी थेट तुकडे करणाऱ्या पिंपात. माझा शेजारी असाच गेला.

"त्याच्या तुकड्यांतून नवे घडतील रे," मावशी म्हणाली.

"मावशी, मला नवा नाही व्हायचं. मीच राहू दे."

तिनं माझं टोक धरून असं पिळलं, की मूठ चटकन मिटली. तपासनिसानं पाहिलं आणि साखर दिली नाही. साखर न मिळाल्याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल.

मग पुडीत बांधून मला पेशीच्या दाराशी ठेवलं. तिथे वेगळीच भीती. फार दिवस पडून राहिलेल्या पुड्या आम्लाच्या कोठीत नेऊन विरघळवतात. आणि मालक तर रडेनात! कांदा मालकीणबाई चिरायच्या. लेक परगावी शिकायला निघाली तेव्हा त्या हुंदके देत होत्या आणि मालक विचारत होते, "गाडी वेळेवर आहे ना?"

शेजारची पुडी कोठीत गेली. पुढचा नंबर माझा.

"अहो, चष्मा लावा!" मालकीणबाई लेथच्या खोलीच्या दारातून ओरडल्या.

"तीस वर्षांत एक कण उडालाय का?" मालक म्हणाले, आणि तो उडाला.

पेशीचं दार उघडलं! लोंढ्याबरोबर मी बाहेर. समोर लोखंडाचा कीस. माझी मूठ कणाच्याही कणापुरती, हा तर डोंगर! मी मुकाट्यानं मूठ मिटली. लोंढ्यानंच त्याला ढकलत बाहेर काढलं.

"रडताय?"

"छे! कीस गेलाय."

"कीस तर निघाला की. हे लेक गेली तेव्हाचं राहिलेलं दिसतंय."

मालकांनी तोंड फिरवलं. पाणी मात्र थांबेना.

आता मी त्यांच्या मिशीच्या काठाशी आहे. मालकीणबाई रुमाल घेऊन येतायत. मावशी, घडी अजून उलगडली नाही बरं. मुठीत इवलंसं लोहसुद्धा आहे.

मालक, उद्यापासून चष्मा लावा. लेकीला फोन करताना मात्र काढून ठेवा. आत बरेच जण ताटकळलेत.