भुरीबाईंचा डावा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना गुडघा आहे, आणि माझ्यासारखा दुसरा गुडघा या पृथ्वीतलावर नाही. निदान भुरीबाईंच्या अंगावर तरी नाही. उजवीकडे एक होता, तो पाच वर्षांपूर्वी गेला.

माझा जन्म कळंब तालुक्यातल्या एका तांड्यावर झाला. रेशनकार्डावर जन्मतारीख एक आहे आणि आधारकार्डावर दुसरी, पण कोणतीही धरली तरी मी पन्नाशी ओलांडलेला आहे. आमच्या जातीला समाजात मान कमी. कुणाची अक्कल काढायची झाली की लोक ती गुडघ्यात असल्याचं सांगतात. मी ते कधी मनावर घेतलं नाही. मला काम होतं.

काम म्हणजे निंदण. कपाशीतलं गवत काढायला आठ-दहा बाया वावरात उतरतात. प्रत्येकीच्या वाट्याला ओळींचा एक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. पातीत उकिडवं बसायचं, खुरपं चालवायचं आणि न उठता बसल्या बसल्या पुढे सरकायचं, या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. धुऱ्याला लागून असलेली पहिली पात मुकादम बाईची. पाणी कधी प्यायचं, चहाला कधी उठायचं, हे ती ठरवते. मात्र तिने स्वतः पातीत बसलं पाहिजे. धुऱ्यावर बसून हुकूम सोडणाऱ्या माणसाला आमच्याकडे मुकादम म्हणत नाहीत, शेतमालक म्हणतात.

वीस वर्षं पहिली पात भुरीबाईंची होती. म्हणजे माझी आणि उजव्याची.

मग एका बाजाराच्या दिवशी ऑटो उलटला आणि उजवा पाय मांडीपासून कापावा लागला. तो गेला याचं मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर पहिले काही दिवस सगळं घर माझीच चौकशी करत होतं, तेही मला आवडलं. सून ममता रोज सकाळी मला शेक द्यायची आणि सासूला म्हणायची, “याडी,” म्हणजे आई, “आता याच्यावरच सारं हाये.” एवढी स्तुती माझ्या वाट्याला पूर्वी कधी आली नव्हती.

पुढे सरकारी शिबिरात एक पाय मिळाला. त्याच्या गुडघ्याला कडी होती. कडी लावली की पाय सरळ, काढली की खुर्चीत बसण्यापुरता वाकडा. माझं त्याच्याशी कधी भांडण झालं नाही. सोबत्याला आपल्यापेक्षा कमी येत असेल तर त्याच्याशी फार छान जमतं. भुरीबाई त्याच्यावर चालायच्या, पण उकिडव्या बसू शकत नव्हत्या. त्या धुऱ्यावर बसायला लागल्या आणि पहिली पात टोळीतल्या इंदुताईंनी धरली. “बऱ्या होईस्तोवर व भुरीबाई,” असं इंदुताई म्हणाल्या होत्या. त्याला चार हंगाम झाले.

यंदा पेरणीच्या वेळी इंदुताईंनी विषय काढला. “पोळ्याच्या आधीचं निंदण आलं की पहिल्या पातीत बसून दाखवा. नाही बसल्या, तं टोळी माह्या नावानं. बायाच इचारून राह्यल्या, मुकादम कोन म्हनून.”

“बसतो ना,” भुरीबाई म्हणाल्या. कशाच्या भरवशावर म्हणाल्या ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, माझ्याच.

त्याच महिन्यात सुरभी आली. ही इंजिनियर मुलगी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत अक्षय नावाच्या जोडीदाराबरोबर एका शेडमध्ये काम करते. पोटासाठी दोघं फवारणीचे पंप दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात कृत्रिम गुडघा घडवतात. त्यांना असं माणूस हवं होतं, ज्याचा एक गुडघा गेलेला आणि दुसरा ठणठणीत आहे. दुसऱ्याच्या चालीवरून, आरशात दिसतं तसं उलट करून, पहिला घडवायचा होता.

म्हणजे नमुना मी! मित्रांनो, लोहाऱ्याला जाताना मी अक्षरशः उड्या मारत होतो. भुरीबाईंना ते खड्डे वाटले.

शेडमध्ये त्यांनी माझ्यावर पाच पांढरे गोल चिकटवले आणि तीन बाजूंनी तीन मोबाइल लावले. पन्नास वर्षांत माझ्या अंगावर चढलेला हा पहिला दागिना. आणि तेवढ्यात मला टेबलावरचा तो दिसला. चकचकीत, चार दांड्यांचा. अक्षय त्याला मऊ फडक्याने पुसत होता आणि थेंब थेंब तेल देत होता. मला आयुष्यात तेल मिळालं ते दिवाळीच्या अंघोळीला, तेही डोक्याला लावून उरलेलं.

सुरभी समजावून सांगत होती, “मावशी, गुडघा काही दाराच्या बिजागरीसारखा नसते. वाकता वाकता थो घरंगळते, अन मागं सरकते बी. म्हनून ह्या चार दांड्या. याच्यानं वाकाची जागाच सरकत जाते, तुमच्या गुडघ्यासारखी.”

मला हे माहीत नव्हतं. पन्नास वर्षं मी घरंगळत आणि सरकत होतो आणि मला वाटत होतं मी नुसता वाकतोय. छाती असती तर ती फुगली असती. पण अक्षयने त्या चकचकीताला थोपटलं आणि म्हणाला, “हा बनू दे, डाव्यापेक्षा भारी चालन.”

माझ्यासमोर म्हणाला. गोल माझ्या अंगावर असताना.

गुडघ्याला तोंड नसतं. निषेध नोंदवायचा त्याला एकच मार्ग असतो, पाणी धरणं. त्या रात्री भुरीबाई लोहाऱ्यातच नातेवाइकांकडे मुक्कामाला होत्या. मी रातोरात टम्म फुगलो. सकाळी चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा दर पावलाला मी मध्येच अर्धा क्षण थांबत होतो. सतरा फेऱ्या झाल्या. सतराही फेऱ्यांत थांबलो. घ्या माझी नक्कल, म्हटलं.

त्यांनी घेतली.

संगणकावर बघून अक्षय ओरडला, “सुरभी, हे पाह्य! दर पावलाले एक थांबा हाये. पुस्तकात कोठीच नाही हे.”

“निसर्गानं ठेवला असन तं कामाचाच असन,” सुरभी म्हणाली.

त्याला त्यांनी ‘नैसर्गिक विराम’ असं नाव दिलं. नव्या गुडघ्यात तो बसवायला तीन आठवडे आणि एक खास स्प्रिंग लागली. एका कॉलेजात त्याचं प्रदर्शन झालं. प्रमुख पाहुणे भगवानराव हे निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले, की परदेशी गुडघ्यांना घाई असते, आपला गुडघा विचार करून पाऊल टाकतो. टाळ्या वाजल्या. त्या माझ्या सुजेला होत्या, पण हार त्याला घातला.

मग पाय बसवून बघायचा दिवस आला. एव्हाना ममताच्या शेकाने माझी सूज उतरली होती आणि मी व्यवस्थित चालत होतो. तिसऱ्या पावलाला मी भुरीबाईंना घेऊन पुढे निघालो आणि उजवीकडे नवीन साहेब विराम घेत होते. भुरीबाई पडल्या. माणूस पडताना कशावर पडतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

“याडी, लागलं का व?” ममता धावली.

“मले नाही, गुडघ्याले. पन हा मधातच काहून थांबला?”

अक्षयने नैसर्गिक विराम समजावून सांगितला. तो डाव्याकडूनच शिकल्याचंही सांगितलं. भुरीबाई खाली बसल्या बसल्या हसायला लागल्या. “अरे बापा! त्या दिशी तं माहा गुडघा सुजला होता. तुमी सूज उतरून घेतली का?”

सुरभीचा चेहरा उतरला. “मावशी, तेव्हाच सांगाचं ना.”

“तुमी इचारलं कोठी? तुमी म्हनल्या चाला, मी चालली. आन चालाचं सोडा आता. चालता तं मले कडीच्या पायानंही येते. मले बसाचं हाये, वावरात. पोळ्याच्या आधी.”

सुरभीने वही उघडली. तिच्या वहीत चालणं होतं, जिना होता, खुर्ची होती, सायकलही होती. उकिडवं बसून सरकणं नव्हतं. ज्या देशांत ती पुस्तकं लिहिली गेली, तिथे बहुधा गवत उभ्याने काढत असावेत.

दुसरं माप वावरात झालं. भुरीबाईंनी पाय काढून ठेवला, एक हात जमिनीला टेकला आणि माझ्या एकट्यावर उकिडव्या बसल्या. सुरभी मोबाइल घेऊन समोर तशीच बसली आणि दोन मिनिटांत मागे कलंडली.

आता तुम्हाला वाटेल, मला पश्चात्ताप झाला होता. नाही. मी हिशोब मांडला होता. खोटं दाखवलं तर ह्याला हार घालतात. तेव्हा आता खरं दाखवू, आणि इतकं खरं, की ह्याला ते जन्मात जमू नये. मी टाच मांडीला भिडवली. तिथून वळलो, सरकलो, पुन्हा वळलो. भुरीबाई एका दमात चार हात पुढे गेल्या. विशीत असताना मी एवढा वाकलो नव्हतो. शेवटी आत कुठेतरी ‘कट्’ झालं, पण मी लक्ष दिलं नाही. समोर कॅमेरा होता.

पोळ्याला आठ दिवस राहिले असताना निंदण निघालं. टोळी धुऱ्यावर उभी होती. दुसऱ्या मापावरून नव्याने घडवलेला गुडघा भुरीबाईंना बसवून अक्षय पेचकस घेऊन हजर होता. नवीन गुडघ्यात माती जाऊ नये म्हणून ममताने त्याच्याभोवती जुन्या लुगड्याचा पट्टा बांधला होता. मला काही बांधलं नव्हतं.

“बसा मंग,” इंदुताई म्हणाल्या.

भुरीबाई बसायला लागल्या. नवा गुडघा खाली गेला, आवाज न करता, घरंगळत, सरकत, हुबेहूब माझ्यासारखा. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. आणि अर्ध्यावर माझ्यातून मोठ्याने ‘कट्’ असा आवाज आला आणि मी अडकलो.

अक्षय पेचकस घेऊन उजव्या पायाकडे धावला.

“थो नाही रे बापा!” भुरीबाई म्हणाल्या. “हा माहा सोताचा आवाज हाये.”

“अव माय!” इंदुताईंनी हात कमरेवर ठेवले. “नवा बसला, अन जुनाच अडून राह्यला!”

सगळ्या टोळीत हशा पिकला. मित्रांनो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं. पण धरणीपर्यंत पोहोचायचं म्हणजे वाकणं आलं, आणि अडचण तीच होती.

भुरीबाई तशाच अर्धवट लटकून राहिल्या. हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटल्या, “बस ना रे राजा. तुह्याबिगर थो एकटा काय करन?”

पन्नास वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या. तेवढ्यात उजवीकडून भार उचलला गेला. त्या चार दांड्यांनी अर्धं वजन स्वतःकडे घेतलं, न बोलता. पाच वर्षं सगळं वजन मी एकटा वाहत होतो. हलकं वाटणं काय असतं, तेही मी विसरलो होतो. मी त्याचे आभार मानले नाहीत. फक्त खाली गेलो.

पात सुरू झाली. मी कटकट करत होतो, तो गप्प होता. अर्ध्या वावरात इंदुताई दोन हात पुढे होत्या. तिथे त्या थांबल्या, खुरप्याची माती झाडली आणि मागे वळून न बघता त्यांनी विचारलं, “भुरीबाई, पानी कवा प्याचं?”

सगळ्या बायांची खुरपी थांबली. हा प्रश्न चार हंगाम कुणी भुरीबाईंना विचारला नव्हता.

“पात पुरी होऊ दे,” भुरीबाई म्हणाल्या.

पात पुरी झाली. मग सगळ्या पाणी प्यायल्या. सुरभीने डोळे पुसत फोटो काढला. तो फोटो आता लोहाऱ्याच्या शेडमध्ये लावलेला आहे. मध्यभागी नवा गुडघा आहे. कडेला लुगड्याखाली काहीतरी उंचवटा दिसतो, तो मी.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गुडघ्यांना जपा. दुसरा आणायच्या आधी घरात आहे त्याला तेल लावा, तेही डोक्याचं उरलेलं नको. त्याच्यासमोर दुसऱ्याची स्तुती करू नका. आम्हाला सगळं ऐकू येतं.

पोळा झाल्यावर ममताने भुरीबाईंना यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडात धरला. “गादी झिजली. हा बदलावा लागेल.”

मी सावरून बसलो. आता गोल चिकटवतील, तीन बाजूंनी मोबाइल लावतील. माझ्यासारखा घडवायला किती महिने लागतील, याचा अंदाज मी बांधत होतो. डॉक्टरांनी एक्स-रेवर पट्टी ठेवली. “मीडियम साइज. स्टॉकमध्ये आहे.”

“थो वावरात उकिडवा बसन का?” भुरीबाईंनी विचारलं.

“नाही. मग खुर्चीवरच बसायचं.”

“मंग नोको,” भुरीबाई म्हणाल्या. “माहा हाच राहू द्या.”

हाच! मित्रांनो, त्या चकचकीताच्या देखत म्हणाल्या. मी अभिमानाने असा फुगलो, असा फुगलो, की डॉक्टरांचंही लक्ष गेलं.

त्यांनी सुई लावली. चाळीस मिली पाणी निघालं.