काचेवरचा आकडा

आमच्या खोऱ्यातलं साप्ताहिक मार्वा लिंडक्विस्ट चालवायची. मी तिच्याकडे बातमीदार. म्हणजे फोटोही मीच काढायचो आणि अंकांचे गठ्ठे गाडीत घालून दुकानोदुकानी टाकायलाही मीच जायचो.

शाळेसाठी सक्तीची असलेली लस नको म्हणून किती मुलांच्या आईबापांनी सूट घेतली, याचे शाळावार आकडे राज्याचं आरोग्य खातं दरवर्षी जाहीर करतं. आकडे सगळ्यांना खुले, पण बघतो कोण? त्या एप्रिलात शेजारच्या जिल्ह्यात गोवर आला आणि मार्वाने ते पहिल्या पानावर छापायचं ठरवलं. बाकीच्या शाळांचं बरं होतं. टेकडीपलीकडच्या सॉरेल फ्लॅट शाळेत मात्र शंभरात एकतीस मुलांना सूट होती. मार्वाची दोन्ही नातवंडं त्याच शाळेत, आणि सूटवाल्यांतच.

अंक छापायला जायच्या आधी तिची मुलगी कर्स्टन तणतणत कचेरीत आली.

"आई, ती बातमी काढ."

"नाव कुणाचंच नाहीये त्यात. नुसता शाळेचा आकडा आहे."

"एवढीशी शाळा! कोण कोण ते सगळ्यांना माहितीये. उद्या लोक माझ्या पोरांना बघून चार हात लांब सरकतील. पोरं माझी, निर्णय माझा."

"तुझाच. कुणी हात धरलाय तुझा? पण शेजारच्या बाकावरच्या पोराच्या आईलाही तिचा निर्णय घेऊ दे की. तिला कळायला नको?"

"छापलंस तर रविवारी आम्ही जेवायला येणार नाही."

मार्वाचा चेहरा उतरला. पण बातमी उतरली नाही.

अंक आला आणि दुपारपर्यंत सगळ्या दुकानांतून गायब झाला. कुणीतरी गठ्ठेच्या गठ्ठे उचलून पुलाखालच्या कचरापेटीत कोंबले होते. किराणा दुकानाच्या मालकाने जाहिरात बंद केली. "गिऱ्हाइकं सांभाळायची आहेत मला," म्हणाला. मी मार्वाला म्हटलं, जरा दमानं घेऊ.

"दमानंच घेतेय," ती म्हणाली आणि रंगाचा डबा घेऊन बाहेर गेली. कचेरीच्या रस्त्याकडेच्या मोठ्या काचेवर तिने सगळ्या शाळांचे आकडे हातभर अक्षरांत रंगवले. "आता न्या म्हणावं काच उचलून!"

दुसऱ्या दिवशी काचेवर अंडी फुटलेली. तिने गरम पाण्याने धुतलं आणि आकडे आणखी मोठे काढले. पुन्हा अंडी, पुन्हा रंग. शनिवारी भर दुपारी पाचपंचवीस आईबाप बादली आणि खरवडणी घेऊनच आले. मार्वा हाताची घडी घालून काचेपुढे उभी राहिली. मी तिच्या शेजारी.

तेवढ्यात ऑर्व्हिल टीगची गाडी थांबली. हा गुरं पाळणारा. लशीला पहिला नकार खोऱ्यात त्याचाच. लोक ओरडले, "आला! आता बोल म्हणावं!"

ऑर्व्हिलने काच नीट वाचली.

"यात माझी तिन्ही पोरं आहेत," तो म्हणाला. "मी लस दिली नाही, देणारही नाही. मार्वे, तुझं माझं या जन्मी जमायचं नाही."

"मला कुठे जमवायचंय?"

तो गर्दीकडे वळला. "पण तुम्ही तोंडं कसली लपवताय रे? आपण चुकलो नाही म्हणता ना? मग पुसताय कशाला? मी माझ्या गुरांना मालकीचा डाग देतो, तो चारचौघांत दिसावा म्हणूनच देतो."

"तू आहेस तरी कुणाच्या बाजूचा?" एकजण चिडून म्हणाला.

"माझ्या," म्हणत ऑर्व्हिलने त्याच्या हातातली बादली घेतली आणि गटारात ओतली.

लोक पुटपुटत पांगले. काचेला पुन्हा कुणी हात लावला नाही. किराणावाल्याची जाहिरात मात्र परतली नाही. आम्ही पानं कमी केली. सॉरेल फ्लॅटच्या काही घरांनी मुलांना गुपचूप लस देऊन आणली, बऱ्याच जणांनी नाही.

कर्स्टन कितीतरी रविवार फिरकली नाही. जूनमध्ये एकदा पोरांना घेऊन कचेरीत आली. पोरं थेट आजीच्या गळ्यात पडली.

"लस दिलेली नाही. विचारू नकोस," कर्स्टन दारातूनच म्हणाली.

"मी कुठे विचारलं? पुढच्या वर्षी आकडा येईलच."

"आणि तू छापशील."

"पहिल्या पानावर."

"हट्टी कुठली," कर्स्टन म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.