चिंच, काथ्या आणि पिस्टन

आयुधपूजेच्या सकाळी वेणुगोपाळने कुंभकोणमातल्या आपल्या घरामागच्या शेडचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. केळीच्या पानावर आठ पिस्टन गंधकुंकू लावून मांडले होते, आणि त्यांतले चार लखलखत होते. लखलखत होते म्हणजे सत्यानाश! पिस्टन सिलिंडरला घासून अडकू नये म्हणून त्याच्या अंगाला ग्रॅफाइटचा काळा लेप देऊन भट्टीत भाजायचा, हाच तर वेणुगोपाळचा धंदा. परवा चेन्नईच्या गाड्यांच्या कंपनीतून राजगोपाल नमुने तपासायला येणार होते. ती ऑर्डर हुकली तर शेडला टाळंच लागणार होतं.

हा पराक्रम त्याच्या आईचा, रुक्मिणीबाईंचा. पूजेआधी अवजारं घासून उजळायची हा त्यांच्या तंजावरी मराठी घराचा नेम, आणि चिंच-काथ्या घेऊन पितळ उजळण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

"अम्मा, काय केलंस हे!"

"काजळी होती की रे अस्की, आठांच्या आठांवर! चौघांची गेली, चौघांची जाईना. हात मोडले माझे."

वेणुगोपाळ आणखी ओरडणार होता, पण आधी त्याने एकेक पिस्टन उचलून नीट पाहिला. भाजताना मध्येच वीज गेली तेव्हा अर्धेकच्चे बाहेर काढलेले चारच पिस्टन उघडे पडले होते. पुरते भाजलेल्यांवर चिंचेचा ढिम्म परिणाम नव्हता. आणि हे कच्चे चार तो परवा गुपचूप खपवणार होता! त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने नवे चार पिस्टन घेतले आणि या वेळी पुरते भाजले.

राजगोपाल आले. लेप न्याहाळून त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "टिकतो कशावरून? चाचणी कुठली करता?"

"सेंद्रिय आम्ल घर्षण चाचणी, सर," वेणुगोपाळने ठोकून दिलं.

"छान. मशीन दाखवा."

आली का पंचाईत! मशीन मागच्या ओट्यावर पडवळ चिरत बसलं होतं.

शेवटी त्याने खरं सांगून टाकलं. राजगोपाल हसले नाहीत. "बोलवा त्यांना," एवढंच म्हणाले. रुक्मिणीबाई नऊवारीचा पदर खोचून बसल्या आणि अर्धा तास आठही पिस्टनांवर तुटून पडल्या. घामाने निथळल्या, पण लेप जिथल्या तिथे राहिला. राजगोपालांनी भिंग लावून पाहिलं आणि उभ्याउभ्या ऑर्डरवर सही ठोकली.

वेणुगोपाळ आनंदाने आईकडे वळला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"साठ वर्षांत माझ्या हाती काही काळं राहिलं नव्हतं रे. संपलं आता. म्हातारी झाले मी."

त्याला भडभडून आलं. लेपाचं शास्त्र समजावण्यात अर्थ नव्हता. तो घरात धावला आणि फडताळातली होती नव्हती तेवढी कळकट पितळेची भांडी तिच्यापुढे आणून ओतली.